फूड बँकेने आमचं अर्धं सामान परत पाठवलं, आमचं काय चुकलं?

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार, आमच्या बिल्डिंगमधल्या आम्ही चारपाच जणी मिळून जवळच्या फूड बँकेला, म्हणजे गरजूंना फुकट किराणा वाटणाऱ्या संस्थेला, द्यायला सामान गोळा करतो. लिफ्टजवळ एक खोकं ठेवतो, ज्याला जे द्यायचं ते त्यात टाकतो आणि भरलं की नेऊन देतो. मागच्या वेळी तिथल्या व्हॉलंटियर मुलीने आमच्या समोरच सामान वेगळं करायला घेतलं आणि जवळजवळ अर्धं परत दिलं. काही पाकिटांची तारीख पंधरावीस दिवसांपूर्वी उलटली होती, दोन डबे चेपलेले होते, एकीने मोठ्या पोत्यातलं पीठ छान पिशव्या भरून दिलं होतं ते नको म्हणाली, एकीने घरी केलेला केक दिला होता तोही नको. ती मुलगी नीट बोलली पण आम्हाला फार लागलं. आता बिल्डिंगमध्ये दोन गट पडलेत. एक काका तर म्हणाले, धर्माची गाय अन् दात का गं नाय, फुकट मिळतंय तर एवढं बघायचं कशाला. मला पण वाटतं की चांगलं अन्न वाया जाऊ नये म्हणून आपण देतो, मग एवढे नियम का? आणि नक्की द्यायचं तरी काय? खोकं बंद करावं का असंही मनात येतंय.

उत्तर:

खोकं अजिबात बंद करू नका. हे आधी सांगते कारण तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं, चारपाच जणी स्वतःहून वेळ काढून हे करताय आणि एका दिवसाच्या मनस्तापाने ते थांबलं तर नुकसान कोणाचं होणार ते तुम्हालाही माहीत आहे.

त्या मुलीने तुमचा अपमान केला नाही, उलट तुमच्या समोर सामान वेगळं करून दिलं हे बरंच झालं. बहुतेक ठिकाणी काय होतं, खोकं ठेवून घेतात, थँक्यू म्हणतात आणि मागे खोलीत दोन माणसं तासभर बसून तेच काम करतात, एकेक पाकीट उलटसुलट करून तारीख शोधायची, सील बघायचं, डबा हातात फिरवून बघायचा आणि जे चालणार नाही ते फेकून द्यायचं, त्या फेकण्याचाही खर्च त्यांनाच. म्हणजे घरात वाया जाणारं अन्न त्यांच्याकडे जाऊन वाया जातं, वर त्यांचा वेळ जातो तो वेगळाच.

आता नियम का, ते सांगते. सगळे म्हणतात की जे आपण स्वतः खाऊ तेच द्यावं. चांगलं आहे, पण माझ्या मते एवढं पुरत नाही. तुमच्या मैत्रिणीच्या घरचं पीठ तुम्ही बिनधास्त खाल, कारण पोतं कधी आणलं, कुठे ठेवलं, त्यात किडे झाले होते का, पिशवी भरताना हात ओले होते का हे तुम्हाला माहीत असतं किंवा तुम्ही विचारू शकता. फूड बँकेतून घरी नेणाऱ्याला यातलं काही विचारता येत नाही. वस्तू तुमच्या दारातून बाहेर पडली की तिची सगळी माहिती फक्त पाकिटावर उरते, तारीख, घटक, सील, कंपनीचं नाव, एवढंच. पाकीट फुटलं, लेबल निघालं, तारीख खोडली गेली की पुढच्या माणसाच्या हातात काहीच राहत नाही. बाकीचे सगळे नियम यातूनच आलेत.

पिशव्यांमधलं पीठ म्हणूनच परत आलं. त्यावर तारीख नव्हती, कसलं पीठ ते नव्हतं, आणि ते भरताना त्याच ओट्यावर शेंगदाण्याचं कूट सांडलं होतं का हे कोणी सांगू शकत नाही. ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याला चिमूटभर कूट पण हॉस्पिटलात पोचवू शकतं. शेंगदाणे, बाकी सुकामेवा, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, तीळ, मासे, कोळंबीसारखे कवचवाले जलचर, याच गोष्टींची अ‍ॅलर्जी सगळ्यात जास्त दिसते आणि घरातल्या साध्या खाण्यात यातलं काही ना काही असतंच. केकचंही तेच, शिवाय केक कधी केला, किती वेळ बाहेर होता ते कळायला मार्ग नाही. काही फूड बँका मोठी पोती घेऊन स्वतःच्या स्वच्छ खोलीत लेबल लावून छोट्या पिशव्या भरतात, तर तुमच्या मैत्रिणीला सांगा की न उघडलेलं पोतंच घेतात का ते फोन करून विचार. तिची भावना चांगलीच होती, फक्त पिशव्या घरी भरायच्या नाहीत. उघडलेलं पाकीट क्लिप लावून, रबर लावून, कसंही दिलं तरी नाहीच चालत.

तारखांचा गोंधळ सगळ्यात जास्त आहे त्यामुळे इथे जरा थांबते. पाकिटावरच्या सगळ्या तारखा सारख्या नसतात. एक असते बेस्ट बिफोर, म्हणजे या तारखेपर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा कंपनीने म्हटल्यासारखा राहील. ती उलटली की वस्तू लगेच विषारी होत नाही, बंद पाकिटातला पांढरा तांदूळ किंवा साखर त्यानंतरही बरेच दिवस ठीक असते. दुसरी असते यूज बाय, ही लवकर नासणाऱ्या वस्तूंवर असते आणि ती सुरक्षिततेची तारीख आहे, ती उलटली की ते खायचं नाही आणि कोणाला द्यायचंही नाही, वास चांगला येत असला तरी. लहान बाळाच्या दुधाची पावडर यात सगळ्यात कडक. तिची तारीख उलटली तर एक दिवसाचीही सूट नाही कारण त्यातली पोषणमूल्यं तेवढी राहतील याची खात्री उरत नाही आणि त्या बाळाचं तेच संपूर्ण जेवण असतं. काही पाकिटांवर तारीखच नसते, पॅकिंगपासून इतके महिने असं लिहिलेलं असतं, तिथे पॅकिंगची तारीख शोधून बोटांवर मोजा आणि जमलं तर मार्करने पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, छापलेली तारीख मात्र झाकू नका. व्हॉलंटियरचं काम केवढं हलकं होतं यानं.

तर तुमची पंधरावीस दिवस उलटलेली पाकिटं जर बेस्ट बिफोरची असतील तर ती खराब झालीच असतील असं नाही. काही फूड बँका अशा वस्तू ठरावीक मुदतीपर्यंत घेतात, काही अजिबात घेत नाहीत, त्यांच्या इथल्या कायद्यावर आणि त्यांच्या स्वतःच्या नियमावर ते असतं आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ती पाकिटं घरी परत आणलीत ना, मग घरीच वापरा, तुमच्याकडे त्यांचा सगळा इतिहास आहे, उघडून बघा, वास घ्या, ठीक असेल तर त्याच आठवड्यात संपवा. आणि पुढच्या वेळेसाठी हिशोब असा ठेवा की देताना तारखेला निदान दोन महिने तरी बाकी असावेत. कारण तुम्ही दिलं म्हणजे लगेच कोणाच्या ताटात गेलं असं होत नाही, आधी ते वेगळं केलं जातं, मग कपाटात लागतं, मग कोणीतरी घरी नेतं, आणि नेणारं माणूसही ते त्याच दिवशी उघडत नाही, महिनाअखेरीला लागेल म्हणून जपून ठेवतं.

चेपलेल्या डब्यांबद्दल. मला माहितीये की हा नियम सगळ्यात जास्त अतिरेकी वाटतो, एवढासा पोचा तर आहे. पण डबाबंद खाणं टिकतं ते केवळ आत हवा आणि जंतू जात नाहीत म्हणून. वरच्या किंवा खालच्या कडेला, नाहीतर उभ्या शिवणीवर पोचा आला तर तिथे डोळ्याला न दिसणारी चीर पडू शकते. बॉट्युलिझम नावाचा आजार ज्या जंतूमुळे होतो त्याला हवा नसलेली जागाच आवडते, त्याचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत, त्यासाठी कारखान्यात दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं, आणि त्याचं विष असलं तरी अन्नाला वास किंवा वेगळी चव येईलच असं नाही. हा आजार फार क्वचित होतो पण झाला तर श्वास घेण्याचे स्नायूच बंद पडू शकतात, म्हणून इथे कोणी धोका पत्करत नाही. घरी बरणीत भरलेल्या भाज्या, मांस वगैरे फूड बँका घेत नाहीत त्याचंही हेच कारण आहे, घरच्या पातेल्यात तेवढं तापमान येत नाही.

डबा हातात घेऊन बघायची साधी पद्धत सांगते. पोचा इतका खोल की बोट आत बसतं, किंवा तो कडेवर, शिवणीवर आहे, तर देऊ नका. मधल्या गुळगुळीत भागावर बारीकसा पोचा असेल तर बहुतेक ठिकाणी चालतो. गंज फडक्याने पुसून जात असेल तर ठीक, खड्डे पडले असतील तर नाही. आणि डबा फुगलेला असेल, झाकण दाबल्यावर टक्कन आवाज करून वरखाली होत असेल, कुठून गळत असेल, तर तो देऊ तर नकाच पण बघायला म्हणून घरीही उघडू नका, पिशवीत नीट बांधून टाकून द्या, मुलांच्या आणि जनावरांच्या हाताला लागणार नाही असा.

फ्रीजमधल्या वस्तू द्यायच्या असतील तर आधी विचारल्याशिवाय घेऊन जाऊ नका. त्यांच्याकडे फ्रीज आहे का, त्यात जागा आहे का, आज ते वाटप करणार आहेत का, या तिन्हीचं उत्तर हो असेल तरच. थंड वस्तू ५ अंशाच्या आत राहायला हव्यात, गोठवलेल्या उणे १८ ला, आणि ५ ते ६० अंशाच्या मधल्या पट्ट्यात जंतू फार भराभर वाढतात म्हणून नासणारी वस्तू बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिली की ती देण्यातून बाद, कडक उन्हाळ्यात तर एकच तास धरा. लिफ्टजवळच्या खोक्यात दूध, चीज, शिजवलेलं अन्न असलं काही टाकायचं नाही असं मोठ्या अक्षरात लिहूनच टाका, कारण कोणी कधी टाकलं ते तुम्हाला कळणारच नाही.

आता काकांच्या म्हणीकडे येते. काका मोठे आहेत, त्यांना उलट बोलायला मी सांगणार नाही, पण ही म्हण इथे लागू होत नाही हे शांतपणे सांगायला हरकत नाही. गाईला दात नसले तर मालकाची फार तर गैरसोय होते, इथे पोट बिघडतं, आणि ज्याच्याकडे किराण्याला पैसे नाहीत त्याच्याकडे डॉक्टरला आणि औषधाला कुठून असणार, दोन दिवस रोजंदारी बुडाली तर घरभाडं थकतं. तुमच्या माझ्या घरात एखाद्याला जुलाब झाले तर दोन दिवस त्रास आणि संपलं. तिथे तसं नसतं. शिवाय फूड बँकेत येणारी माणसं वेगळी कोणी नसतात, नोकरी गेलेली, आजारपणात अडकलेली, पगार झाला पण महिना पुरला नाही अशी, तुमच्या आमच्यातलीच. त्यांना निवडायचा हक्क नाही असं म्हणणं मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

अन्न वाया जाऊ नये हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचा अंदाज दिलाय, जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. पहिली फूड बँक निघाली तीही यातूनच, १९६७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेन्गेल नावाच्या माणसाला एक बाई भेटली, ती दुकानांनी मागे फेकून दिलेल्या सामानातून आपल्या मुलांना जेवू घालत होती, आणि पैसे जसे बँकेत ठेवतात आणि काढतात तशी खाण्यासाठी जागा हवी हे तिनेच सुचवलं. फेकलेलं ते अन्न खाण्यासारखं होतं, हा त्यातला महत्त्वाचा भाग. म्हणून वाया जाऊ नये असं वाटत असेल तर वस्तू शेवटच्या दिवसाची वाट न बघता लवकर बाहेर काढा. चुकून दोन पाकिटं आणली गेली, घरातल्या कोणाला चव आवडत नाही, भेट म्हणून आलेलं कोणी उघडतच नाही, हे त्याच आठवड्यात खोक्यात गेलं तर त्याला मुदतही भरपूर असते. कपाट आवरताना मागच्या कोपऱ्यात सापडलेलं जे असतं ना, त्यातलं बहुतेक उशीर झालेलं असतं.

द्यायचं काय, हे त्यांनाच विचारा. खरंच, एक फोन. कधी त्यांच्याकडे तांदळाच्या थप्प्या पडलेल्या असतात आणि तेलाची एक बाटली नसते. तेल, मीठ, साखर, चहा, मसाले या वस्तू लोक द्यायच्या विसरतात आणि त्यांच्याशिवाय तांदूळ डाळ असून काही शिजत नाही. डाळी, कडधान्यं, पीठ, डबाबंद भाज्या आणि मासे, ओट्स, पीनट बटर, दूध पावडर हे बहुतेक ठिकाणी लागतंच. पॉलिश न केलेला तांदूळ आणि पूर्ण धान्याचं पीठ द्यायचं असेल तर ताजं द्या, त्यात नैसर्गिक तेल असतं आणि ते पांढऱ्या तांदळापेक्षा लवकर खवट होतं. पॅक छोटे घ्या, एक किलोचे पाच चालतील, पाच किलोचा एक नको, कारण एक पाच जणांत वाटता येत नाही आणि चालत घरी जाणाऱ्या बाईला तो उचलवतही नाही. काचेच्या बरण्या वाटेत फुटतात आणि एक फुटली की आजूबाजूचं सगळं सामान फेकावं लागतं, तर प्लास्टिक किंवा पत्र्याचा डबा बघा.

घेणाऱ्याच्या घरी काय असेल याचा पण विचार करा. एका खोलीत राहणाऱ्याकडे शेगडी असेलच असं नाही, फ्रीज नसेल, डबा उघडायचं कटर नसेल. म्हणून ओढून उघडायची रिंग असलेले डबे, नुसत्या गरम पाण्यात होणारं किंवा न शिजवता खाता येणारं असं काहीतरी त्या खोक्यात असू दे. डायबेटिस, बीपी असलेली माणसं तिथेही येतात, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि तयार सूप नूडल्सच्या एकेका पाकिटात त्यातला मोठा वाटा निघून जातो, तेव्हा कमी मीठवाले, साखर न घातलेले प्रकार मिळत असतील तर ते घ्या. मध देणार असाल तर लेबल शाबूत हवं, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये ही सूचना बऱ्याचदा त्यावर असते आणि ती आईने वाचायला हवी. ज्यात दारू आहे असे चॉकलेट वगैरे टाळा.

अजून एक, बऱ्याच फूड बँका सॅनिटरी पॅड, डायपर, साबण, टूथपेस्ट घेतात आणि हे मागायला माणसाला संकोच वाटतो म्हणून ते न मागता मिळालं तर फार बरं. तेही विचारून घ्या.

सणासुदीला सगळे एकदम देतात आणि मग तीनचार महिने कपाटं रिकामी पडतात. तुम्ही तर गट आहात, तुम्ही हे सहज सांभाळू शकता, वर्षातून एकदा दहा खोकी देण्यापेक्षा दर महिन्याला एक. महिन्याच्या सुरुवातीला फोन करून तीन वस्तूंची नावं घ्यायची आणि ती बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकायची, या महिन्यात तेल, तूरडाळ आणि डायपर, तारीख निदान दोन महिने पुढची, पाकीट न उघडलेलं. एवढाच मेसेज. ज्यांना बाजारात जायला जमत नाही त्यांनी सरळ फूड बँकेला पैसे दिले तरी उत्तम, ते घाऊक घेतात त्यामुळे तेवढ्याच पैशात तुमच्या माझ्यापेक्षा जास्त सामान येतं, आणि जे कमी आहे तेच येतं. काकांनाही यात घ्या असं मी म्हणेन, वेगळं करायचं काम त्यांच्याकडे द्या, दर शनिवारी लिफ्टजवळ बसून तारखा आणि सील तपासायचे. नाहीतर तुमच्यातल्या दोघी मिळून फूड बँकेतच एक सकाळ त्या मुलीच्या मदतीला जा, तिला माणसांची गरज असणारच.

आणि न्यायच्या दिवशी साबण, डिटर्जंट, फिनाइल हे खाण्याच्या खोक्यात अजिबात ठेवू नका, वेगळी पिशवी करा. पिठाला वास लागतो, बाटली गळली तर सगळंच जातं. जड डबे खाली, पाकिटं वर, खोकं एका माणसाला उचलेल एवढंच भरा आणि ते कोणत्या वेळेला सामान घेतात ते विचारून त्याच वेळेला जा, बंद दाराबाहेर ठेवून येऊ नका, रात्रभर उंदीर आणि पाऊस दोन्ही असतात.